नाव घातलेली भांडी

परभणी, मंगळवार. दिवेलागण.

भांड्यांची पेटी अजून दारातच. बांधकाम मजुरांना सरकारनं संच वाटले, तसा आमच्या ह्यांनाही मिळाला. हे मिस्त्री, गुडघा गेल्यापासून घरीच बसून. ऑपरेशनला पैसे हवे होते, आणि आलं काय तर पातेली! कुणी मागितली होती? माळ्यावर आधीचीच मावत नाहीत. ह्यांना रोज भिंत धरून ती पेटी ओलांडावी लागते.

परवा ठरवलं, गुपचूप विकून टाकू. भांडेवाला म्हणाला, "ताई, तुमच्या गल्लीत घरोघर हाच संच हाय, कोण घेईल?" तरी अर्ध्या किमतीला कसाबसा तयार झाला. आज देणार होते.

दळण घेऊन आले तर सासूबाईंनी दारात नाव घालणाऱ्याला बसवलेलं. एकूणएक भांड्यावर माझ्या लेकीचं नाव. "लग्नात द्यायची सोय झाली," म्हणाल्या. लेक सातवीत आहे! आता मोडीच्या भावाशिवाय कोण घेणार? आणि रागवू तरी कशी? त्यांनी स्वतःच्या गाठीचे पैसे घातले.

लेक मात्र खूश. एकेक भांडं उचलून नाव वाचत होती. मग थांबली.

"आजी, आडनाव का न्हाई घातलं?"

"ते बदलणारच हाय की, बाई."

तिनं पातेलं हळूच पेटीत ठेवलं. माळ्यावरच्या माझ्या माहेरच्या भांड्यांवरही नुसतं नावच आहे.

पेटी दारातच आहे.