एसी बदलला की गाडी विकणार

३ मार्च
ठरलं. गाडी विकायची. हे गेल्यापासून व्हॅन अंगणात उभी आहे. आत दोघांपुरता पलंग, एक शेगडी, हातभर सिंक. मला एकटीला काय करायचीय? लेकीने गिऱ्हाईक शोधलंय. तो म्हणतो, टपावरचा एसी चालू करून द्या, लगेच घेतो. एसी गेले चार उन्हाळे बिघडलेला. जुना काढायचा, नवा बसवायचा, किल्ली द्यायची. रविवारपर्यंत. त्या डब्याचा मला काडीचा लोभ नाही.

४ मार्च
मेकॅनिक कशाला? लायब्ररीतून पुस्तक आणलं. माझी शाळा सातवीत सुटली, पण हातात आलेलं छापील काहीही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. पहिलं प्रकरण 'सुरुवात करण्यापूर्वी'. ते नवशिक्यांसाठी. सोडलं.

५ मार्च, सकाळी
नणंद आली. तिच्या दादाची गाडी, म्हणून शिडी धरायचा मान तिला दिला. म्हणाली, वहिनी, स्टुलावर चढून पंखा पुसताना तुमचे पाय लटपटतात, आणि आता टपावर? लक्ष दिलं नाही.

दुपारी
वरचं प्लास्टिकचं कव्हर निघालं! आत पक्ष्याचं रिकामं घरटं. ते न मोडता उतरवून कुंपणाच्या भिंतीवर ठेवण्यात दुपार गेली. नणंद म्हणाली, पक्षी तर कधीच उडून गेलाय. म्हणून काय झालं? घर ते घर.
उद्या सकाळी आठला सुरुवात.

६ मार्च
आठला गुडघा दुखत होता. अकराला चढले. एसी तसूभर हलत नाही. चारी बाजूंनी काळा चिकट लेप लावलाय. ह्यांच्या हातचा. एकदा लावलं की निघू नये, असंच लावायचे. लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा. उलथन्याने खरवडलं. खालून आवाज, वहिनी, एसी काढताय की करपलेलं पातेलं घासताय? उलथनं वाकलं. प्रगती आहे.

८ मार्च
नवा एसी आला. दोन माणसांनी हॉलमध्ये आणून टेकवला. टपावर कोण चढवणार, असं विचारेपर्यंत त्यांचा टेम्पो सुरू झाला होता. हरकत नाही. खोक्यावर टेबलक्लॉथ टाकला. चहाचा ट्रे छान बसतो.
गिऱ्हाइकाला कळवलं, उद्या नको, पुढच्या रविवारी या. ऊन फार आहे. नणंदेने आभाळाकडे बघितलं. आभाळ भरून आलं होतं.
लेकीचा फोन. आई, तुला नक्की विकायचीय ना? हा काय प्रश्न झाला? मग एवढी राबतेय ती कशासाठी?

११ मार्च
व्हॅन आतून झाडली. गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसायला हवी. पलंगाखाली ह्यांच्या चपला मिळाल्या. पुसून पुन्हा तिथेच ठेवल्या. गिऱ्हाइकाला उपयोगी पडतील.

१५ मार्च
दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून पहिलं प्रकरण वाचलं. त्यात लिहिलंय, टपावरचा एसी आतून बोल्टने आवळलेला असतो. वरून ओढू नका. आधी आतलं झाकण उघडा आणि वीज येते का ते बघा. इतकी महत्त्वाची गोष्ट कोणी पहिल्याच प्रकरणात लिहितं का? लेखकाला शिस्त नाही.
आतलं झाकण उघडलं. नणंदेने बॅटरीचा उजेड धरला. एसीची वायर वेगळी, गाडीची वायर वेगळी. मधला प्लग सुटा. आपोआप निघालेला नव्हे, काढून ठेवलेला. दोन्ही तोंडांना टेप. टेपेची कड दुमडलेली, पुढच्या वेळी नखाने शोधावी लागू नये म्हणून. तशी दुमडणारा माणूस घरात एकच होता.
प्लग जोडला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर टाकून वीज दिली. एसी खोकला, घरघरला, आणि गार हवा यायला लागली. काहीही बिघडलेलं नव्हतं.
चार उन्हाळ्यांपूर्वी आम्ही फिरायला गेलो होतो. पहिल्या रात्री मी स्वेटर, मोजे, कानटोपी घालून कुडकुडत होते आणि थंडी वाजते म्हणून मिनिटामिनिटाला ह्यांना ऐकवत होते. सकाळी हे म्हणाले, एसी बिघडला. त्यानंतर प्रत्येक ट्रिपमध्ये खिडक्या उघड्या आणि ह्यांच्या मानेवर ओला टॉवेल. एकदा चिडले नाहीत. मिक्सरचं बटण अडकलं तरी दोन दिवस घर डोक्यावर घेणारा माणूस.
नणंद म्हणाली, दादाला लहानपणापासून उकाडा सोसत नसे.
मी म्हटलं, जोडायला विसरले असतील.
तिने बॅटरी विझवली. मग पदराने एसीची जाळी पुसत बसली.

१६ मार्च, रविवार
गिऱ्हाईक आलं, बायकोला घेऊन. सभ्य माणसं. पलंगावर बसून बघितलं, शेगडी पेटवून बघितली. मग त्याने विचारलं, काकू, एसीचं काय झालं?
मी म्हटलं, बिघडलाय.
तो म्हणाला, नवा आणलाय ना तुम्ही?
मी म्हटलं, तो ह्या गाडीला बसत नाही. शिवाय त्यावर आम्ही चहा पितो.
ती दोघं फाटकाबाहेर पडल्यावर नणंद म्हणाली, वहिनी, अगदी दादासारखं खोटं बोललात. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही!
विकायचा निर्णय कायम आहे. हे गिऱ्हाईक योग्य नव्हतं, इतकंच. त्याच्या बायकोने चपला पायाने बाजूला सारल्या.

संध्याकाळी
व्हॅनमध्ये एसी लावून बसले आहे. इतकी वर्षं बंद होता, तासभर तरी चालवून बघायला हवा. मला थंडी वाजते हा घरच्यांचा गैरसमज आहे.

थोड्या वेळाने
स्वेटर घातला.

आणखी थोड्या वेळाने
मोजे. कानटोपी. अक्षर वाकडं येतंय.

सातच्या सुमारास
खिडक्या उघडल्या. प्लग काढला. टेप लावली. कड दुमडायला विसरले नाही.