पाण्यात सापडलेलं प्रोटीन

५ ऑगस्ट

वाट लागली! आज पुन्हा चार रिपोर्ट चढे. रक्तातलं एकूण प्रोटीन सहा ते आठ असावं, तर इथे नऊ, साडेनऊ. लॅबचे सर म्हणाले, "सारिका, तुझा हात हलतोय." हात हलतोय म्हणे! अर्धं वलवण गाव माझ्याशिवाय कुणाकडून सुई टोचून घेत नाही.

त्यात आंदर मावळच्या मुक्ताबाई — ९.४. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याला जा, हाडात सुई घालून तपासायला लागेल. बाई माझ्यावरच भडकल्या — "गुडगं दुखत्यात म्हून आले, आन् तू कॅन्सर काढतीस व्हय गं?" परवा जायचंय त्यांना. मला रडूच आलं.

६ ऑगस्ट

मशीनकडे बघवत नाही.

७ ऑगस्ट

जिंकले!!

किती साधं होतं! सीरममध्ये निळं औषध घातलं की जांभळा रंग येतो. काचेच्या नळीतून उजेड सोडायचा. जितका अडेल तितकं प्रोटीन जास्त. आज नळी उचलली तर बोटं ओली — नळीला बाहेरून घाम! गेल्या आठवड्यापासून सरांनी औषध फ्रिजमध्ये ठेवायला लावलंय, आणि लोणावळ्याची ही ओली हवा, चपलांनाही बुरशी धरते. उजेड त्या घामानेच अडत होता.

सरांना हाक मारली. फ्रिजमधलं नुसतं पाणी नळीत भरलं, मशीनमध्ये ठेवलं. आलं की प्रोटीन! म्हटलं, "सर, पाण्यालाही पुण्याला पाठवूया का?" सर असे हसले की डोळे पुसायला लागले.

चढे आलेले सगळे नमुने त्यांनीच पुन्हा लावले. औषध बाहेर ठेवून, नळी पुसून. मुक्ताबाई — ७.८! लगेच फोन केला. "मावशी, सुई रद्द!" तिकडून — "मी म्हनत व्हते न्हवं? ये आता मटण-भाकरी खायाला!"

८ ऑगस्ट

सरांनी सगळ्यांना वडापाव खाऊ घातले. मला दोन! दिवसभर नुसती मिरवतेय.

९ ऑगस्ट

घामाने सगळेच आकडे चढवले होते. म्हणजे 'नॉर्मल' आलेलेसुद्धा! सासऱ्यांचं रक्त त्याच आठवड्यात मीच तपासलेलं — ६.४. पाय सुजलेत म्हणून. मीच म्हणाले होते, "आबा, रिपोर्ट चांगलाय, फक्त मीठ सोडा."

आज परत काढलं. नळी पुन्हा पुन्हा पुसली. ४.८. सहाच्याही कितीतरी खाली — म्हणजे ही सूज मिठाची नाही, किडनी नाहीतर लिव्हरची.

आबा बाहेर बसलेत. विचारतायत, "काय गं पोरी, मीठ खाऊ का आता?"