सासूचं हाड

कामतघर, भिवंडी
फेब्रुवारी १९७५

प्रिय चंद्रा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. लग्नाआधी मी तुला एकही पत्र लिहिलं नाही, लग्नानंतर गरज पडली नाही, तेव्हा आता दोन्हींची भरपाई एकदम करतोय. मोरूला मात्र वाचायला देऊ नकोस. तुझा धाकटा भाऊ गुणी आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

आधी कामाचं सांगतो. इस्पितळात सोमवारची खाट अजून तुझ्याच नावावर आहे. काल शिफ्ट सुटल्यावर मी तसाच मुंबईला जाऊन डॉक्टरांना भेटलो. मी ड्युटीवर असताना तू न सांगता गणेशपुरीला माहेरी निघून गेलीस, हे त्यांना बोललो नाही. घरी कार्य आहे म्हणालो. त्यांनी मला सगळं पुन्हा समजावलं. तुझ्याच कमरेचं थोडं हाड काढून दंडाच्या फटीत भरायचं, वरून पट्टी आणि स्क्रू लावून घट्ट धरायचं, आणि मग वाट बघायची. जुळेलच असा शब्द देत नाहीत, पण बहुतेकांचं जुळतं म्हणाले. मला ते पटलं. लूमवर ताण्याचा धागा तुटून टोकं एकमेकांना पुरेनाशी झाली, की आम्हीही त्याच सुताचा तुकडा मध्ये घालून जोडतो.

मग त्यांनी विचारलं, दंड मोडल्यावर हाताला आराम होता का? मला हसूच आलं. आपल्या गावी, दिघाशीत आणि आराम! भाताच्या पेंढ्यांच्या उडवीवरून तू पडलीस, हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, इथवर ठीक होतं. पण दर बाजाराच्या दिवशी तो त्या सोडून तेल चोळायचा, आणि मधल्या दिवसांत अख्खं गाव तुला बघायला यायचं. शेजारची ठकुबाई तर उंबऱ्यातूनच म्हणायची, "उचल गो जरा, बघू दे जुळला का!" तू उचलून दाखवायचीस. मग चहा. मग दुसरी यायची, तिलाही दाखवायचीस, नाहीतर तिचा रुसवा. हाड बिचारं जुळायला बघत होतं आणि गाव मायेनं त्याची रोज परीक्षा घेत होतं. शेवटी जिथं सांधा नाही तिथं हात वाकायला लागला. पुढं प्लास्टर घातलं, पण तोवर उशीर झाला होता. डॉक्टर हे सगळं ऐकून हसले नाहीत, नुसती मान हलवली.

खोलीत तू नाहीस तर सकाळ लवकर उरकते आणि मला ते आवडत नाही. आई नळावर गेली की दार लावून तुझी वेणी घालायची सवय झाली होती. चाळीत कुणाला कळलं असतं तर मला जन्मभर चिडवलं असतं. पहिली वेणी आरशात बघून तू किती हसलीस, आणि हसता हसता रडलीस. मी फणीतले केस काढत बसलो. शेजारचा रामदुलारे रोज विचारतो, "भाभी कब आएगी?" मी म्हणतो, आज-उद्या.

आता आईचं. तिला तुझा कंटाळा आलाय असं तू मनात घेतलंयस. ती भांडी आदळते हे खरं, ती सुखातही आदळते. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. मागं तुला एक्स-रेला आत नेलं होतं तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन आईला म्हणाले होते, कमरेचं हाड काढून लावावं लागेल. पुढच्या खेपेला ती पहाटेच अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, उपाशीपोटी आपल्याबरोबर निघाली. तुला वाटलं, पहारा करायला आली. तू पुन्हा आत गेल्यावर ती डॉक्टरांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या माजं हाड. मी म्हातारी बाई, मला कुठं धावायचं हाय?"

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवून सांगितलं, आजी, ज्याचं त्याचंच हाड चांगलं धरतं, तुमचं नाही चालणार. तर ही उसळली! "म्हंजे? सासूचं हाड सुनेला चालत न्हाय?" डॉक्टरांनी हसू लपवायला तोंड फिरवलं. परतताना ती वाटभर बोलली नाही आणि तू घाबरून मला विचारत होतीस, माझं काही चुकलं का. तिनं मला शपथ घातली होती, म्हणून गप्प बसलो. आज ती शपथ मोडली.

परवा मोरू येऊन गेला. घरात आला नाही. दारातच खाली मान घालून म्हणाला, "ताई म्हणते, दाजींनी दुसरी बघावी. तिच्या हातानं आता संसार व्हायचा न्हाय." पाणीसुद्धा न घेता गेला. चंद्रा, मला आधी राग आला, मग रडू आलं. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तू ऑपरेशनला यावंस म्हणून मी हे पत्र लिहितोय, असं तुला आतापर्यंत वाटलं असेल. तसं नाही. अंग तुझं, भीती तुझी, दुखणंही तुलाच सोसायचं. नको वाटलं तर ती खाट दुसऱ्या कुणाला मिळू दे, मी एका शब्दानं बोलणार नाही. मोरूकडं उत्तर देता आलं नाही, ते इथं लिहितो. हात जुळो न जुळो, मला दुसरी नको. रविवारी दुपारच्या एस.टी.नं मी तुला न्यायला येतोय. इस्पितळात जायचं की सरळ घरी, ते तू गाडीत बसल्यावर सांग.

तुझाच,
तुळशीराम