दोन्ही देशांची रहिवासी

प्रिय अश्विनी,
सप्रेम जय भीम.

हे पत्र मी पाठवणार नाही. रविवारी फोनवर जे सांगायचं आहे, ते आधी लिहून पाहते.

दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी अर्धं वर्ष कॅनडात तुझ्याकडे आणि अर्धं इथं सौसरला राहते. त्यामुळे यंदा दोन्ही देश मला आपली रहिवासी धरतात. कर कुठं भरायचा, रिटर्न कुठं द्यायचं, हे विचारायला मी पांढुर्ण्याच्या कर सल्लागाराकडे गेले.

ते म्हणाले, "सिस्टर, घरं तर दोन्हीकडे आहेत. मग जवळची माणसं कुठं आहेत ते पाहतात. तुमची मुलगी, नातू तिकडंच राहून राहिले ना?"

मी हो म्हटलं. ते लिहायला लागले, तेव्हा म्हटलं, "थांबा. पुढच्या महिन्यात मी रामाकोन्याच्या उत्तमरावांशी लग्न करून राहिली."

हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, तेही परक्या माणसासमोर.

त्यांनी पेन खाली ठेवला. "मग इकडचं पारडं जड होते," ते म्हणाले. अभिनंदन करायचं त्यांना नंतर सुचलं.

उत्तमराव बाहेर मोटारसायकलजवळ उभे होते. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"मी इथलीच," मी म्हटलं.

तू माझ्यासाठी तिकडची खोली नव्यानं रंगवून घेतलीस, हे मला माहीत आहे. उन्हाळ्यात आम्ही दोघं येऊ, पण पाहुणे म्हणून.

तुझी आई,
वनमाला