खडूच्या खुणेवर

प्रिय लॉर्ना,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की हे न वाचताच फाडावंसं वाटेल तुला. मी समजू शकतो. तरी एकदा वाच.

नेब्रास्काला परतून मला तीन वर्षं झाली. भावाच्या शेतावर राहतो, रविवारी सकाळी चर्च उघडून शेगडी पेटवतो. सिनेमाच्या स्टुडिओत मी काय करत होतो ते इथे सांगितलं तर लोक हसतील. दिवे मनासारखे लागेपर्यंत नायकाच्या जागी तासन्‌तास उभं राहायचं आणि तो आला की बाजूला व्हायचं. नायिकेच्या जागी तू. जमिनीवर खडूच्या खुणा, त्यांवर आपले बूट. तू म्हणायचीस, "ऑरिन, थांब म्हटलं की थांबतोस, वळ म्हटलं की वळतोस. लग्नाचं विचारायलाही दिग्दर्शकाची परवानगी काढशील ना?" मी नुसता हसायचो. विचारायचं माझ्या मनात होतं, आणि तुला ते कळलेलं होतं.

आपण ज्यांच्यासाठी उभे राहायचो ते नायक सगळे एकाच मातीचे. बाईने नजर टाकली की तिच्यामागे जायचे, गोळी झाडायचे, आणि शेवटी पोलिसांपुढे घाम पुसत म्हणायचे, हिनेच करायला लावलं. लोक तिला शिव्या द्यायचे, त्याची कीव करायचे. "या बाबाला स्वतःचे हात नाहीत का रे?" असं तू एकदा विचारलंस. मला वाटलं, मी तरी तसा नाही.

मग तो उंच खांबावरचा दिवा तुझ्या खांद्यावर कोसळला. तुझा उजवा हात पुन्हा कधी वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी साहाय्यक दिग्दर्शक हॅचने मला खोलीत बोलावलं. "पोरगी खुणेवरून हलली, वायरीत पाय अडकला, दिवा ओढला गेला. असंच ना, ऑरिन? तू काही पाहिलं नाहीस." मी मान डोलावली. तेवढ्याने तुझी भरपाई गेली आणि कामही गेलं. खुणेवरून हलणाऱ्या बाईला कुठला स्टुडिओ उभं करतो?

गेल्या शनिवारी दुपारी आमच्या गावच्या थिएटरात, ज्याच्या सेटवर तो दिवा कोसळला, तेच चित्र लागलं. तोवर मी ते टाळलं होतं. मध्येच पडद्यावर एक भिंत आली, खिडकीच्या आडव्या पट्ट्यांचा उजेड आणि त्यात दोन सावल्या. त्या आपल्या होत्या. चाचणीसाठी कॅमेरा चालू होता, अपघाताआधीचे ते क्षण त्यांनी तसेच वापरले होते. तुझी सावली खिळल्यासारखी उभी आहे, तसूभरही हलत नाही. माझी मात्र हळूच मान वर करते, कलणाऱ्या दिव्याकडे पाहते, आणि पाहतच राहते. हाक मारायला पुरेल इतका वेळ, लॉर्ना. पण मला हलू नकोस म्हणून सांगितलेलं होतं.

मी ते चित्र पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा ती सावली दिव्याकडे नाही, माझ्याकडे पाहते आहे असं वाटलं. रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थनेसाठी माना झुकवायला सांगितल्या. कोवळं ऊन बाजूच्या भिंतीवर होतं. सगळ्या सावल्यांची डोकी खाली, एकीचं वर. मी हात मागे नेऊन माझी मान चाचपली. ती खालीच होती.

म्हणून हे पत्र. क्षमा मी देवाकडे मागतो आहे, तुझ्याकडे मागायचं तोंड नाही. काल न्यायाधीशांपुढे शपथेवर सगळं लिहून दिलं: तू हलली नव्हतीस, मी पाहत होतो. त्याची प्रत सोबत आहे, तुझ्या वकिलाला दे. बुधवारच्या गाडीने तिकडे यायला निघतो आहे. अपघाताची चौकशी पुन्हा झाली की या वेळी मान डोलावणार नाही, बोलेन. मला भेटायचं की नाही ते तू ठरव. काल न्यायाधीशांच्या कचेरीच्या पायऱ्या उतरताना मागे वळून पाहिलं. भिंतीवर माझ्या सावलीची मान अजून वरच होती. पण आता तिचं तोंड उघडलेलं होतं.

तुझ्याच शेजारच्या खुणेवरचा,
ऑरिन