निवृत्तीच्या विमानाला कोणतं सोल्यूशन

२१ नोव्हेंबर १९८२, रविवार
बसने उपनगर कॉलनीत निवृत्तीकडे गेलो. शाळेपासूनचा दोस्त. ओझरच्या विमान कारखान्यात सोळा वर्षं फिटर. पॅरालिसिसनंतर उजवा हात गेला तो गेलाच. शर्टाची बटणं आता मालनवहिनी लावतात. मस्कतच्या जावयाने त्याला मिग विमानाचं किट पाठवलंय. प्लॅस्टिकचे सुटे भाग, जोडले की वीतभर विमान तयार. सोबतची प्लॅस्टिक जोडायच्या सिमेंटची ट्यूब मात्र वाळून दगड.
निवृत्ती म्हणाला, रंगा, रोज संध्याकाळी इथंच येत जा. मी सांगतो, तू जोड. म्हटलं, छे, तुझ्या डोक्याला ताण नको. आठ दिवसांत तयार करून आणतो. खोका घेऊन निघालो. त्याचा चेहरा जरा उतरला. अशक्तपणा.
संकल्प : पुढच्या रविवारी मिग हजर.

२३ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी सुतारकामाचा पांढरा गोंद लावून ऑफिसला गेलो. संध्याकाळी उचललं. पंख हातात, विमान टेबलावर. प्लॅस्टिकच हलकं असणार. गोंद शेजारच्या सुताराला देऊन टाकला.

२८ नोव्हेंबर, रविवार
मिग हजर नाही. सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्यूशन आणलं. विमानापेक्षा बोटं छान चिकटली. नुसते धागे.
उपनगरला गेलो नाही. अर्धवट काम दाखवून पेशंटला निराश करू नये. सरप्राइज म्हणजे सरप्राइज.

३० नोव्हेंबर, मंगळवार
मालनवहिनी ऑफिसात आल्या, निवृत्तीचा निरोप घेऊन. घोकून आल्या होत्या बिचाऱ्या. प्लॅस्टिक चिकटवायचं नसतं, विरघळवायचं असतं. भाग आधी कोरडेच जुळवून घट्ट धर. बारीक ब्रशाने फटीवर थिनरचा एक थेंब सोड. तो आपोआप आत पळतो, दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. पायलटच्या डोक्यावरची काच मात्र पांढऱ्या गोंदानेच लाव, नाहीतर धुरकटेल. आणि हे काही जमत नसेल तर खोका घेऊन ये. जमत असलं तरी ये.
म्हटलं, वहिनी, सगळं कंट्रोलमध्ये आहे. कारखान्यात रिव्हेट मारतात, गोंद लावत नाहीत. निवृत्तीला यातलं काय कळणार?

५ डिसेंबर, रविवार
मेन रोडवरून नेलपॉलिश रिमूव्हर आणलं. दुकानदार माझ्या नखांकडे बघत राहिला. एक थेंब काय पुरणार? झाकणभर ओतलं. शेपटीचा काकवीसारखा गोळा झाला. चाकूने कोरून पुन्हा शेपटी केली. ओरिजिनलपेक्षा दणकट वाटते.
बायको म्हणाली, विमान राहू द्या, भावजींना नुसतं भेटून या. तिला टेक्निकल बाजू कळत नाही.

१२ डिसेंबर, रविवार
प्लंबरकडचं पाइपचं सोल्यूशन. पंख बसले! फार दाट निघालं, त्यामुळे डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. सही समजावी.

१९ डिसेंबर, रविवार
काल देवराम भेटला, निवृत्तीच्याच डिपार्टमेंटचा. म्हणाला, त्याला पॅरालिसिसचा दुसरा अ‍ॅटॅक येऊन गेला. घरी आणलंय. बोलणं नीट कळत नाही, पण तुमचं नाव कळतं. मी म्हटलं, येत्या रविवारी जाणारच आहे.
तसा मी गुरुवारी गेलो होतो. दारापर्यंत. दार उघडंच होतं. वहिनी त्याला चमच्याने पेज भरवत होत्या आणि ती हनुवटीवरून ओघळत होती. त्याचं लक्ष नव्हतं. मी तसाच मागे फिरून स्टॉपवर आलो. विमान बरोबर नव्हतं, म्हणून.

२६ डिसेंबर, रविवार
माझ्या संशोधनाला यश! भाग कोरडे धरले, फटीवर थिनरचा एक थेंब सोडला, सर्रकन आत पळाला. नाक, चाकं, सगळं पक्कं. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?
त्याच जोशात काचही थिनरनेच लावली. दुधासारखी झाली. पायलटला मोतीबिंदू. निवृत्तीला आवडेल का? नको. नवी काच करावी. औषधाच्या खोक्यातलं पारदर्शक प्लॅस्टिक कापून बघतो.

१ जानेवारी १९८३, शनिवार
नव्या वर्षाचा संकल्प नंबर एक : उद्या उपनगर. काच असो वा नसो.

२ जानेवारी, रविवार
थंडी फार. शिवाय रंग ओला आहे. पुढच्या रविवारी नक्की.

५ जानेवारी, बुधवार
निवृत्ती काल दुपारी गेला.
आज सकाळी उपनगरला गेलो. विमान नेलं नाही. कुणी विचारलंही नाही.
मालनवहिनी म्हणाल्या, हे रोज सहा वाजता चहात एक कप पाणी जास्त टाकायला लावायचे. बोलता येईना तेव्हा डाव्या हाताचं एक बोट दाखवायचे. आठ वाजले की तो गार चहा मीच प्यायचे, भाऊजी.
मी म्हटलं, ऑफिसात काम फार होतं.
वहिनी म्हणाल्या, हो, त्यांनाही मी तेच सांगायचे.