मोरिवलीतलं पावडरचं दूध

१८ जून १९५७
मोरिवलीत आज छत्तीस मुलांची वजनं झाली. उरलेली चौदा उद्या. काट्याला झोळी, झोळीत मूल – की लगेच भोकाड. खांदे भरून आले आहेत.

हट्टंगडी साहेब मिस व्हिटलॉकना घेऊन आले होते. पावडर पाठवणाऱ्या परदेशी संस्थेच्या त्या बाई. आमच्या मुंबईच्या मंडळाने त्यांच्यासाठी ही पाहणी घेतली आहे – मोरिवलीची पन्नास मुलं, उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातली पन्नास. पाच महिने दूध द्यायचं, दर पंधरवड्याला वजन घ्यायचं. वजन वाढलं तर सगळ्या तालुक्याला दूध. हट्टंगडी पाहणीचे प्रमुख. वजन घेणारी, तक्ते भरणारी मी. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले त्याचा हा उपयोग.

बाई सरळ गावातल्या दौलतरावांच्या ओटीवर मांडी घालून बसल्या. हट्टंगडी उभेच, नाकाला रुमाल. शेणाचा वास सोसेना! जन्म काय विलायतेत झाला यांचा?

बकुळा म्हणून एक आहे, कडेवर अकरा महिन्यांची वेणू. तिने विचारलं, "त्यांच्या देशातली पोरा दूध पीत नाय का? मंग आमाला कशाला धाडतात?"

बाईंनी उत्सुकतेने हट्टंगडींकडे पाहिलं. ते इंग्रजीत म्हणाले, ती आपले आभार मानते आहे.

बाईंनी बकुळाला हात जोडले. बकुळाला वाटलं हेच उत्तर. मी पुढच्या मुलाला झोळीत घातलं. नोकरीचा तिसरा आठवडा.

२ जुलै
कॅम्प. बराकींच्या रांगा, गोणपाटांचे आडोसे, आणि प्रत्येक आडोशापुढे काही ना काही विकायला मांडलेलं. इथे दूध कालवून, उकळूनच मिळतं. मुलं समोर उभी राहून पितात. मोरिवलीत स्वयंपाकघर कोण चालवणार, म्हणून कोरी पावडर डब्यात मोजून घरी.

पार्पतीबाई म्हणून एक सिंधी आजी आहेत. दोन नातवंडं यादीत, पण गेल्या दोन खेपा त्यांनी मला परत पाठवलं. आज बसायला खाट दिली, पापड आणि पाणी पुढे ठेवलं. म्हणाल्या, "बेटी, हम देनेवाले लोग थे." मग स्वतःच नातवंडांना उठवून दुधाच्या रांगेकडे घेऊन गेल्या. पाठ ताठ.

तक्त्यात रकाना आहे – 'लाभार्थ्याची वृत्ती : अनुकूल / प्रतिकूल'. मी 'अनुकूल' लिहिलं. किळस आली स्वतःच्या अक्षराची.

१९ जुलै
मोरिवलीत पोरांना जुलाब. पन्नासातल्या बावीस जणांचं वजन उतरलंय. विहिरीचं पाणी बघून आले – चहासारखं. हे पाणी आणि ती पावडर! दुसरं काय होणार?

हट्टंगडींना पत्र लिहिलं. बायांना पाणी उकळायला सांगू का? चार घरांना मिळून एक हंडा द्यावा. विहिरीत औषध टाकायची व्यवस्था करावी.

२६ जुलै
उत्तर आलं. टंकलिखित. सूचना स्तुत्य आहे, परंतु पाहणीच्या मध्यावर सवयी बदलल्यास दुधाचा परिणाम कोणता आणि उकळल्या पाण्याचा कोणता, हे वेगळे काढता येणार नाही. निष्कर्ष दूषित होतील. तरी कृपया हस्तक्षेप करू नये.

निष्कर्ष दूषित होतील. पाणी दूषित असलं तर चालेल!

२७ जुलै
दिवसभर मोरिवलीत होते. पाण्याबद्दल एक शब्द कुणाला बोलले नाही.

कुणी माझं तोंड धरलं होतं का? नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

९ ऑगस्ट
वेणू गेली. बकुळाची.

मला माहीत नव्हतं. काटा खांद्यावर, झोळी हातात, तशीच तिच्या दारात जाऊन उभी राहिले. बकुळा उंबऱ्याशी बसलेली. तिने झोळीकडे पाहिलं आणि मान फिरवली. शेजारची म्हातारी म्हणाली, परवा पहाटे. बास, एवढंच.

कशाने गेली हे विचारायची मला गरज नव्हती. आतल्या फळीवर पावडरचा डबा दिसत होता.

घरी आल्यावर माईने पानं वाढली. भात कालवला आणि हात धुतला. माईला वाटलं पावसात भिजून कणकण आली.

२८ ऑगस्ट
आणखी एक. क्रमांक एकेचाळीस. सखूचा दोन वर्षांचा मुलगा, हरी.

१४ नोव्हेंबर
आठवडाभर मुंबईत, मंडळाच्या कचेरीत. अहवालाचं काम. पाऊस संपल्यावर मुलं भराभर सावरली. शेवटची वजनं बरी आहेत. हट्टंगडी खूष. मोरिवलीची सरासरी वाढ कॅम्पापेक्षाही जास्त.

तक्ता तपासताना पाहिलं – मोरिवलीची मुलं अठ्ठेचाळीस. खाली तळटीप : 'दोन बालके पाहणीअखेर उपलब्ध नाहीत.'

मी विचारलं, उपलब्ध नाहीत म्हणजे? परगावी गेलेल्यांसाठी हा शब्द आहे. ही दोघं मेली आहेत, माझ्या वहीत तारखा आहेत.

हट्टंगडींनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मेलेल्या मुलाचं वजन किती धरायचं, कुमुदिनीबाई? शून्य धरू का? सरासरी कुठे जाईल?"

मग समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. खेड्यात मुलं मरतातच. दोन मेली म्हणून तालुक्यातल्या हजारोंचं दूध अडवायचं का? तुम्ही भावनेच्या भरात आहात. मोठं चित्र बघायला शिका.

तक्त्याखाली 'वजने घेणार' म्हणून सही लागते.

केली.

१५ नोव्हेंबर
दादाला सांगितलं. तो कारखान्याच्या हिशेबखात्यात असतो, ही नोकरी त्याच्याच ओळखीने लागली. म्हणाला, सही केलीस ना, मग आता विषय संपला.

नाही संपला. सहीचा हात दिवसभर साबणाने धुवावासा वाटतो.

७ डिसेंबर
परिसंवाद. फोर्टातला हॉल, पंखे, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला. स्वच्छ पाणी! विषय – 'परकीय मदत आणि आपला विकास'. मोरिवलीहून कुणी नाही. कॅम्पातून कुणी नाही.

हट्टंगडींनी अहवाल वाचला. टाळ्या. मग प्रा. श्यामकांत मुळगुंद उठले. मदतीचे कडवे विरोधक. म्हणाले, परदेशांच्या गोठ्यात दूध जास्त झालं, भाव पडायला नकोत, म्हणून भुकटी करून आपल्या दारात ओततात. आज दूध घ्याल, उद्या धोरणं घ्यावी लागतील. फुकट खाणाऱ्या समाजाचा कणा मोडतो. बोलतात मात्र छान. मला वाटलं, अरे, हा तर बकुळाचाच प्रश्न! पण बकुळाने विचारला तेव्हा तिला उत्तर हवं होतं. यांना टाळ्या हव्या होत्या, त्या मिळाल्या.

दोन तास हे एकमेकांना आकडे फेकून मारत होते. लाभार्थी, लाभार्थी! मधे चहा आणि नानकटाई.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही? मी उठले. मिस व्हिटलॉक पुढच्या रांगेत होत्या, म्हणून इंग्रजीत बोलले. म्हटलं, यातली वजनं मी घेतली आहेत. मोरिवलीत पन्नास मुलं होती. वेणू सात ऑगस्टला गेली आणि हरी सव्वीसला. विहिरीचं पाणी घाण आहे हे जुलैत आम्हाला कळलं होतं. त्या पाण्यात ही पावडर कालवून प्यायल्याने ती मेली. आम्ही उकळायला सांगितलं नाही, कारण पाहणी बिघडली असती. आणि तक्त्याखालची सही माझी आहे.

हट्टंगडी छताकडे बघत होते.

नंतर जिन्यात मिस व्हिटलॉकनी मला गाठलं. दोन्ही नावं लिहून घेतली, स्पेलिंग विचारून. मग इतकंच विचारलं, "मग तुम्ही सही का केलीत?"

त्या दिवसभरात मला पटला असा हा एकच प्रश्न.

१० डिसेंबर
नोकरी गेली. दोन ओळींचं पत्र. दादा आठवडाभर तरी बोलणार नाही, त्याने माझ्यासाठी शब्द टाकला होता. माई म्हणाली, "कुमे, खरं बोललीस ना? मग जेव."

जेवले. किती दिवसांनी.

१६ डिसेंबर
मुळगुंदांचा लेख. मथळा – 'परक्या दुधाचे बळी'. 'एका धाडसी तरुणीने भर सभेत सत्य उघड केले', वगैरे. मी नावं सांगितली होती, यांनी लिहिलं 'दोन दुर्दैवी अर्भके'. हरी दोन वर्षांचा होता, चालत होता! विहिरीचा उल्लेख कुठेच नाही. विहीर आपली, तिला परकी कसं म्हणणार?

एकाने त्या पोरांना तळटीप केलं, दुसऱ्याने मथळा.

मुळगुंदांना पत्र टाकलं – विहिरीबद्दल लिहा, स्वतः येऊन बघा, स्टेशनापासून लांब नाही.

३० डिसेंबर
मुळगुंदांचं उत्तर नाही.

११ जानेवारी १९५८
पाहणीनंतरही चालू असलेलं मोरिवलीचं दूध बंद झालं. मिस व्हिटलॉकचं पत्र आलं आहे : अहवाल बाजूला ठेवला, दोन्ही मृत्यूंची चौकशी व्हावी असं त्यांनी वर कळवलंय, तोवर मोरिवलीतलं वाटप स्थगित. कॅम्पात चालू राहील, तिथे उकळून देतात. विहिरीसाठी त्यांच्या संस्थेत खातं नाही, याबद्दल दिलगीर आहेत.

विहीर कुणी साफ करणार नाही, हे कळून चुकलंय. पण निदान ते दूध तरी आता कुणाच्या पोटात जाणार नाही. सहा महिन्यांत माझ्या हातून एवढी एक गोष्ट बरी झाली. आज बऱ्याच दिवसांनी आरशात धड पाहिलं स्वतःकडे.

२५ जानेवारी
दौलतराव बाजारात दिसले. त्यांच्याच ओटीवर वाटप व्हायचं. मला पाहून वळून गेले. ओटीचा मान गेला म्हणून राग असणार! गावची पोरं मेली तरी यांना आपली ओटी. थुंकावंसं वाटलं.

२ फेब्रुवारी
सकाळी बकुळा आली, घर शोधत. सखूही बरोबर होती. मी पाट दिले, दोघी जमिनीवरच बसल्या. माईने चहा ठेवला.

बकुळाने विचारलं, दूध परत कधी चालू होणार. मी म्हटलं, बकुळा, तू विचारतेस हे? त्या दुधानेच तुझी वेणू गेली.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "वेणू गोवरान गेली, ताई. त्या दुधाचा थेंबपन तिला पाजला नव्हता."

सखूने मान हलवली. हरीलाही गोवरच. दोन घरं सोडून तिसऱ्यातही होता, तो वाचला.

गावात कुणीच ते दूध प्यायलं नाही. वास येतो म्हणून. दर आठवड्याला सगळ्यांचे डबे दौलतरावांच्या गाडीतून कॅम्पात जायचे, एका मिठाईवाल्याकडे. तो पावडरीच्या बदल्यात तांदळाची कणी द्यायचा. पावसात घरात दाणा नसताना सगळ्या घरांनी त्या कणीची पेज प्यायली. मुलांची वजनं वाढली, ती त्याच्यावर.

मी म्हटलं, मी दर खेपेला विचारत होते ना, दूध पाजता ना म्हणून? मग एकीने तरी खरं का नाही सांगितलं?

बकुळा उठली. पदर सारखा केला.

"सांगितला असता त दूध बंद झाला असता," ती म्हणाली. "आता तुमी सांगितला, त झालाच."